याडीचं वजन

माझ्या सासूचं वजन मी एकदा खोटं नोंदवलं. आकडा काट्यानं दाखवला तोच होता, एक्केचाळीस किलो दोनशे ग्रॅम. त्यात मी काही हात मारला नाही. खोटं होतं ते शेजारच्या रकान्यात. ‘अंगावरच्या जड वस्तू काढल्या का?’ असा तिथे प्रश्न असतो, आणि मी ‘होय’वर बोट ठेवलं.

मी पायल आडे. दिग्रसच्या बाजूला आमचा लिंबी तांडा आहे, बंजाऱ्यांचा, एकशे चाळीस घरांचा. तिथली मी आशा. अकरा वर्षं हे काम करते आहे. तांड्यातल्या प्रत्येक गरोदर बाईची तारीख, प्रत्येक लेकराची लस आणि प्रत्येक म्हाताऱ्याच्या गोळ्या माझ्या डोक्यात असतात. नवरा नितेश फवारणीचा ड्रोन चालवतो, त्यामुळे कपाशीच्या दिवसांत पंधरा-पंधरा दिवस घरी नसतो. घरात मी, माझी तीन वर्षांची आर्वी, सासरे थावरा आडे, ज्यांना आम्ही बा म्हणतो, आणि सासू धेनीबाई. सासूला मी याडी म्हणते. आमच्या गोरमाटीत आईला याडी म्हणतात. घरात आम्ही गोरमाटीच बोलतो, पण इथे मी आमचं बाजारातलं बोलणं लिहिते आहे, म्हणजे तुम्हालाही कळेल.

याडीचं आणि माझं लग्नाच्या दिवसापासून वाकडं. कारण एकच, पोशाख. आमच्या जुन्या बाया अंगावर काय काय वागवायच्या ते आता फोटोतच दिसतं. आरशांचा आणि कवड्यांचा फेटिया, म्हणजे घागरा. तसलीच कांचळी, म्हणजे चोळी. डोक्यावर भरतकामानं जड झालेली ओढणी. कानांच्या पुढे केसांत गुंफून सोडलेल्या चांदीच्या घुगऱ्या, दंडावर एकीवर एक चढवलेल्या पांढऱ्या बलिया, पायांत जाड वाळे. सगळ्या तांड्यात हे अजून घालणाऱ्या चारच जणी उरल्या आहेत आणि त्यांतली सर्वांत हट्टी आमच्या घरात आहे. घुगरी आणि बलिया नवरा असेपर्यंतच घालायच्या. एकदा उतरल्या की उतरल्या.

याडीनं तीन वर्षं डोळे फोडून माझ्यासाठी एक अख्खा साज तयार केला होता, हुबेहूब स्वतःसारखा. आरसा तेवढाच, कवडी तेवढीच, घुगरीला घुंगरं तेवढीच. लग्नात तो माझ्यापुढे ठेवला तेव्हा मी बावीस वर्षांची होते आणि जीभ लांब होती. मी म्हटलं, “हे घालून मी गाडी कशी चालवू?” साज पेटीत गेला. त्याला आता बारा वर्षं होतील. तेव्हापासून कोणी पाव्हणी आली की याडी माझ्याकडे हात करून म्हणायची, “नाव पायल, अन् पायात सँडल.” मीही काही गप्प बसणारी नव्हे. पण पेटीची किल्ली मात्र मी कधी हरवू दिली नाही.

आता दुसऱ्या पेटीचं सांगते, कारण तिच्याशिवाय पुढचं कळायचं नाही. उपकेंद्रात तीन वर्षांपूर्वी एक यंत्र आलं. त्याचं कागदावरचं नाव लांबलचक आहे, आम्ही थेंबपेटी म्हणतो. ट्रेनिंगमध्ये आम्हाला शिकवलं ते असं. शरीराच्या पेशीपेशीत जनुकांचं तेच एक पुस्तक असतं, पण सगळी पानं सगळ्या वेळी उघडी नसतात. ज्या कामाची गरज, ते पान उघडायचं, त्याची नक्कल काढायची आणि नकलेबरहुकूम काम करायचं. त्या नकलेला आरएनए म्हणतात. छातीत टीबीचा जंतू उठला की रक्तातल्या पांढऱ्या पेशी ठरावीक पानं भराभर उघडू लागतात. पेटी बोटाच्या एका थेंबातून अशा बारा जनुकांच्या नकला मोजते, त्यावरून एक आकडा काढते आणि पाऊण तासात हिरवा नाहीतर लाल दिवा लावते. लाल लागला की डॉक्टर पुढचं बघतात. ज्यांना खोकून खोकून थुंकी येत नाही अशा म्हाताऱ्यांसाठी आणि लेकरांसाठी हे वरदानच होतं.

पण पहिल्या वर्षी घोळ झाला. लाल कुठून सुरू धरायचा हे बनवणाऱ्यांनी ठरवलं होतं ते पोटभर जेवणाऱ्या माणसांच्या रक्तावरून. उपाशी शरीरातल्या पेशीसुद्धा काटकसर करतात, नकला कमी काढतात. रोड माणसाला टीबी असला तरी त्याचा आकडा वर चढतच नाही. म्हणजे हा रोग ज्यांना सगळ्यात आधी धरतो, त्यांनाच पेटी ‘काही नाही, घरी जा’ म्हणत होती. मग शास्त्रज्ञांनी नुसत्या रोड माणसांच्या रक्ताचा वेगळा अभ्यास केला आणि त्यांच्यासाठी दुसरी पट्टी बनवली. साध्या पट्टीवर पन्नासच्या पुढे लाल, रोड पट्टीवर तीसच्या पुढेच लाल. भुकेल्याची हाक बारीक येते, ऐकायची तर कान जवळ न्यावा लागतो, असं आमचे ट्रेनिंगचे सर म्हणाले होते.

कोणती पट्टी लावायची हे पेटी वजन आणि उंची यांवरून ठरवते. वजनाला उंचीच्या वर्गानं भागायचं, आणि उत्तर सतराच्या खाली आलं तर रोड पट्टी. काट्यावरचा आकडा सरळ पेटीत जातो, मधे आम्हाला बोटसुद्धा लावता येत नाही. आमच्याकडे राहतो तो फक्त जड वस्तूंचा रकाना.

जानेवारीत शाळेच्या वऱ्हांड्यात तपासणी होती. मी काट्याजवळ उभी राहून एकेकाचा भार उतरवत होते. चपला काढा, शाल काढा, मोबाइल ठेवा. तांड्याच्या नायकाच्या खिशातून तर अडकित्ता निघाला. त्याला म्हटलं, “नायकसाहेब, वजन सुपारीचं नाही, तुमचं घ्यायचं हाय.” लोक हसले. आणि तेवढ्यात घुंगरं वाजली.

याडी रांगेतून पुढे आली ती लग्नाच्या मांडवात यावी तशी. काट्यावर चढली. म्हणाली, “घे व मास्तरीन, वजन घे.”

आता तिला सांगायला हवं होतं. शेजारच्या खोलीला पडदा होता, आत नेऊन हळू आवाजात सांगता आलं असतं. पण बारा वर्षांत मी त्या साजाबद्दल जेवढं बोलले होते, ते सगळं वाकडंच बोलले होते. आता चारचौघांत ‘हे उतरवा’ म्हटलं असतं तर तिनं काय ऐकलं असतं? आणि खरं सांगते, त्या दिवशी मला भांडण नको होतं. आशांवर देखरेख करणाऱ्या गटप्रवर्तकाच्या जागेसाठी माझं नाव गेलं होतं. वरचे लोक हजर होते. त्यांच्यासमोर सासूनं मला झापलेलं मला नको होतं. शंभर बायांना सांगितलं, एकीला नाही सांगितलं. ‘होय’वर बोट ठेवलं.

एक्केचाळीस किलो दोनशे. उंची एकशे बावन्न. उत्तर आलं सतरा पूर्णांक आठ. पेटीनं साधी पट्टी लावली. थेंबाचा आकडा आला अडतीस. हिरवा.

घरी येताना याडी खुशीत होती. “पाहा, तुझी पेटी मले तुझ्यापेक्षा चांगली वळखते,” म्हणाली. दिवाळीपासून तिला कोरडा खोकला होता. चेहरा उतरला होता, पण चेहरा तर वयानंही उतरतो. कापूस वेचायला जाते, कापसाची धूळ असेल, असं मी बांना सांगितलं. बांनी मान हलवली. आशानं सांगितलं आणि पेटीनं सांगितलं, मग त्यांनी तरी काय विचारायचं? आर्वी पहिल्यापासून आजीच्याच कुशीत झोपायची. ती तशीच झोपत राहिली.

मग होळी आली. आमच्याकडे होळी म्हणजे लेंगी. रात्रभर गाणं आणि नाच चालतो, आणि बायांच्या बाजूनं गाणं उचलायचा मान याडीचा. तिचा आवाज असा की नदीपलीकडच्या तांड्यात कळायचं, धेनीनं सुरू केलं. त्या वर्षीही तिनं सुरू केलं. पहिली ओळ झाली, दुसऱ्या ओळीत श्वास तुटला. बायांना वाटलं, मुद्दाम थांबली. तिनं पुन्हा धरलं आणि पुन्हा तुटलं. मग ती खालीच बसली.

मी धावले. काखेत हात घालून तिला उठवायला गेले आणि माझ्याच हाताला जोर लावावा लागला नाही. एवढी मोठी घेरदार बाई दिसत होती, पण हातात आलं ते नुसतं कापड आणि आरसे. तिला धरून घराकडे नेताना माझा हात बलियांवर पडला. पूर्वी त्या दंडावर इतक्या गच्च असायच्या की तेल लावूनही हलायच्या नाहीत. आता त्यांच्या आत चिंध्या कोंबलेल्या लागल्या. घसरू नयेत म्हणून तिनं दंडाला चिंध्या गुंडाळल्या होत्या.

“याडी, हे कवापासून?” मी विचारलं.

“दसऱ्यापासून असंल,” ती म्हणाली. “तू कुठं पायतं माझ्या हाताकडं.”

मला तो रकाना आठवला. खरं तर मी तो कधी विसरलेच नव्हते. सगळ्यात आधी मी काय केलं असेल, तर बांच्या मांडीवर पेंगणारी आर्वी उचलून माझ्या खोलीत नेली. याडीनं ते पाहिलं. ओढणीचा पदर तिनं स्वतःच तोंडाला लावला.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिला उपकेंद्रात नेलं. तिथल्या डॉक्टर अश्लेषा ढोके माझ्यापेक्षा लहान आहेत, बोलायला सरळ. त्यांनी छातीचा फोटो काढला. फोटोत पांढुरकं दिसत होतं, पण जन्मभर चुलीचा धूर घेतलेल्या बाईची छाती कधी स्वच्छ नसतेच. थुंकी तर आलीच नाही. पुन्हा थेंब घेतला. आकडा आला छत्तीस.

“कमी झाला?” मी म्हटलं. “अडतीस होता.”

“आजार कमी झाला असेल, किंवा शरीर आणखी थकलं असेल,” डॉक्टर म्हणाल्या. “दुसरं असेल तर हाच आकडा लाल आहे. पट्टी कुठली धरायची, एवढाच प्रश्न आहे. वजन किती यांचं?”

मी सांगून टाकलं. रकाना, ‘होय’, सगळं. डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं, मग बाहेर बाकावर बसलेल्या याडीकडे पाहिलं.

“पायलताई, तुम्ही?” एवढंच म्हणाल्या. त्यापेक्षा दोन शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

“आता काय करायचं, मॅडम?”

“साज उतरवून वजन घ्या. दंडाचा घेर मोजावा तर दंडावर बलिया आहेत. मला डोळ्यांना दिसतंय की बाई सुकली आहे, पण पेटीला दिसत नाही. तिला आकडा लागतो. अंदाजानं दोन-पाच किलो वजा करून चालणार नाही. आणि उगाच औषध सुरू करायचं तर या वयात या गोळ्या यकृताला जड असतात. दोन दिवसांत वजन आणा. तोवर नातीला वेगळं झोपवा.”

घरी येऊन मी याडीला सगळं सांगितलं. बा पण तिथेच होते. पट्टी, आकडा, माझी चूक, काही ठेवलं नाही. तिनं ऐकलं. मग म्हणाली, “नाही.”

“याडी, पाच मिनिटाचं काम हाय. दार लावून घेऊ. मी अन् तुम्ही, तिसरं कोनी नाही.”

“मले दिसंल ना? मी हाय ना तिथं.”

बा भिंतीला टेकून बसले होते. ते म्हणाले, “काढ व धेने. मीच सांगून रायलो. मी तं जिता हाय.”

“जिता हाय म्हनूनच,” ती उसळली आणि तिला खोकल्याची उबळ आली. थांबली, पाणी प्यायली. “जितं असताना उतरवलं अन् उद्या तुले काही झालं, तं मी कोनाच्या तोंडाकडं पाहू? माह्या मायनं नाही उतरवल्या. तिच्या मायनं नाही. दवाखान्यात माझी कमळी वारली तवा नर्सनं म्हटलं, आधी हे काढा, मंग लेकराजवळ जा. मी बाहेर बसली. नाही काढल्या.”

कमळी म्हणजे नितेशच्या आधीची मुलगी. न्यूमोनियानं गेली एवढंच मला ठाऊक होतं. नर्सचं मी पहिल्यांदाच ऐकत होते, बारा वर्षं त्याच घरात राहून. बांनी तोंड फिरवलं. मला वाटलं, ती नर्स होऊन आता मीच उभी आहे.

रात्रभर डोळा लागला नाही. ती हट्टी आहे म्हणून मला राग यायला हवा होता, तो येत नव्हता. भीती मात्र वाटत होती. साज उतरत नाही, आणि साज उतरल्याशिवाय बाई किती उरली आहे ते कळत नाही. पहाटे आर्वीनं झोपेत आजीला हाक मारली, आणि मला माझी ती पेटी आठवली.

साज उतरवायची गरजच नव्हती. साज किती आहे तेवढं कळलं तर पुरे होतं. आणि हुबेहूब तोच साज बारा वर्षं माझ्या पलंगाखाली पडून होता.

मी पेटी ओढली. वरच्या थरातली डांबरगोळी विरून गेली होती. साज गाठोड्यात बांधून उपकेंद्रात नेला. पण आमचा काटा माणसांसाठीचा. दहा किलोच्या आतलं काही ठेवलं की तो शून्यच दाखवतो. किराणा दुकानातल्या काट्याचा आकडा पेटी घेत नाही. डॉक्टर ढोके हसल्या, म्हणाल्या, “मग तुम्हीच घाला. एकदा साजासकट उभ्या राहा, एकदा साजाशिवाय. जी वजाबाकी येईल ती मी माझ्या सहीनं नोंदवते.”

ऐकायला सोपं वाटतं. पण घुगरी वेणीत गुंफायची कशी, बलिया दंडावर चढवायच्या कशा, हे मला कुठे येत होतं? लग्नात साज चढवायला आलेल्या बाईला मी बारा वर्षांपूर्वीच परत पाठवलं होतं. तांड्यात हे येणाऱ्या चार, त्यांतल्या तिघींना सांगायचं म्हणजे दुपारपर्यंत नदीपलीकडे बातमी. चौथी घरात खोकत बसली होती.

गाठोडं घेऊन मी तिच्यासमोर बसले. “याडी, हे मले घालून द्या,” म्हटलं.

ती गाठोड्याकडे पाहत राहिली. “काहून?”

“वजन करायचं हाय. तुमचं उतरवायचं नाही ना, मंग माझं चढवायचं. माझ्यावर जेवढं वाढंल, तेवढं तुमचं वजा.”

मग ती तोंडाला पदर घट्ट बांधून माझ्या मागे येऊन बसली आणि माझे केस मोकळे केले. बाहेर दारात बा आणि आर्वी. दीड तास लागला. मधेमधे ती दम खायला थांबायची, मी म्हणायचे, राहू द्या, उद्या करू. ती म्हणायची, बस गप. बलिया चढवताना माझ्या दंडाला खोबरेल लावलं आणि अशा काही पिरगळल्या की डोळ्यांत पाणी आलं.

“दुखतं?”

“दुखतं.”

“दुखू दे. तीन वर्सं सुई टोचली म्या.”

आणि घुगरी गुंफताना, माझ्या पाठीमागून, ती म्हणाली, “मले वाटलं व्हतं, तू विकला असशीन.”

“किल्ली कमरेला हाय माझ्या. बारा वर्सं.”

तिचे हात थांबले. माझ्या मानेवर काहीतरी गरम पडलं. मी वळून पाहिलं नाही, कारण मग मलाही आवरलं नसतं. बारा वर्षं जिला माझा हट्ट दिसला आणि मला जिचा, ती बाई त्या दिवशी माझ्या पाठीशी बसून रडत होती, आणि मी तिच्यासाठी यापूर्वी कधी एवढंही बसले नव्हते.

उपकेंद्राच्या वाटेवर जे दिसले ते थांबले. नायकाच्या हातातला अडकित्ता तसाच राहिला. चालताना पावलागणिक सगळं अंग वाजत होतं आणि मान ताठच ठेवावी लागत होती, वाकवली तर घुगरी गालावर आपटायची. याडी इतक्या ताठ्यानं का चालते ते मला त्या वाटेवर कळलं.

काट्यावर चढले. चौसष्ट किलो सातशे. मग आत जाऊन सगळं उतरवलं. उतरवायला याडीच आली, आणि बलिया काढताना तोंडानं काहीतरी पुटपुटत होती, माझ्या नितेशला आयुष्य मागत होती. साडीत पुन्हा चढले. अठ्ठावन्न किलो तीनशे.

सहा किलो चारशे. डॉक्टरांनी याडीला तशीच, साजासकट, काट्यावर उभं केलं. जानेवारीपासून दोनशे ग्रॅम घटले होते, एक्केचाळीस भरले. त्यातून साज वजा केला. चौतीस किलो सहाशे. उंचीच्या वर्गानं भागल्यावर पंधराच्याही खाली. डॉक्टर म्हणाल्या, “साज साजात पाव-अर्धा किलोचा फरक धरला तरी सतरा फार लांब आहे.” पेटीनं पट्टी बदलली. थेंब तोच, छत्तीसच, पण दिवा लाल लागला. मग डॉक्टरांनी जानेवारीची नोंद उघडली. त्या दिवशीचे अडतीससुद्धा लालच होते.

“चौतीस?” बा म्हणाले. सगळा वेळ ते दारात उभे होते. “आपली आर्वी चवदाची हाय. धेने, तू तीन आर्व्या बी नाही भरत?”

“मंग इतके दिवस काट्यावर कोन उभं होतं?” याडीनं मला विचारलं.

“तुमचा साज,” मी म्हटलं.

ती हसली, हसता हसता खोकली, आणि मग भिंतीला धरून उभी राहिली. चौतीस किलोची बाई दोन महिने कापूस वेचत होती, पाणी आणत होती आणि सगळे जेवल्यावर तव्यावर उरेल ते खात होती. मी तिच्याच घरात राहून तांड्यातल्या लोकांना पोषणावर भाषणं देत होते.

त्याच दिवशी गोळ्या सुरू झाल्या. आर्वीची तपासणी केली. दिवा हिरवा, आणि या वेळी वजन मी तिची पैंजणंसुद्धा काढून घेतलं. तिला रोग होऊ नये म्हणून द्यायचं औषध सुरू झालं. त्या रात्री मी माझ्या चुकीचा अहवाल लिहायला बसले. मॅडम म्हणाल्या होत्या की नुसती दुरुस्ती केली तरी चालेल, रकाना कोणी बघत नाही. पण साज घालणाऱ्या आणखी तिघी होत्या, आणि शेजारच्या चार तांड्यांत किती असतील कोण जाणे. मी नाव घालून लिहिलं की जानेवारीत अमुक तारखेला मी खोटी नोंद केली. गटप्रवर्तकाची जागा त्या वर्षी दुसरीला मिळाली. वाईट वाटलं, नाही कशाला म्हणू. पण त्या तिघींचं वजन पुन्हा झालं, माझाच साज वजा करून, आणि त्यांतल्या सोमलीबाईचा दिवा लाल निघाला. तिचंही औषध सुरू झालं. उन्हाळ्यात वरून कागद आला. रकान्यात आता ‘होय’ आणि ‘नाही’ याशिवाय तिसरी जागा आहे, ‘वजा किती’.

घरात एक नियम मी केला. याडी आधी जेवणार, मग बाकीचे. पहिले आठ दिवस ती ताट घेऊन नुसती बसायची, आम्ही जेवल्याशिवाय घास तोंडात जाईना. शेवटी बांनी ताट तिच्यासमोर ठेवून घराबाहेर जाऊन बसायला सुरुवात केली. “तू खाल्ल्याशिवाय मी आत येत नाही,” म्हणाले. उन्हातान्हात म्हातारा बाहेर बसलेला तिला बघवेना, मग खायची. अंडं, डाळ, शेंगदाण्याची चटणी, दूध. दोन महिन्यांनी आर्वी परत तिच्या कुशीत झोपायला गेली. चौथ्या महिन्यात तिनं दंडावरच्या चिंध्या काढून चुलीत टाकल्या.

साज मी अजूनही रोज घालत नाही. गाडी चालवायची असते. पण पेटी आता पलंगाखाली नसते, याडीच्या खोलीत असते, आणि किल्ली दोघींपैकी कुणाच्याही कमरेला नसते, खुंटीला असते.

सहा महिने पूर्ण झाले तेव्हा शेवटचं वजन करायला तिला उपकेंद्रात नेलं. रांगेत तीच पुढे, घुंगरं वाजवत. काट्यावर चढली आणि म्हणाली, “घे व मास्तरीन.”

सत्तेचाळीस किलो सहाशे.

‘जड वस्तू काढल्या का?’ मी ‘नाही’वर बोट ठेवलं. ‘वजा किती?’ सहा किलो चारशे. पेटीनं वजाबाकी केली आणि माझं बोट तसंच राहिलं. मी तो आकडा पुन्हा वाचला. मग तिला वाचून दाखवला, कारण तिला अक्षर येत नाही.

“एक्केचाळीस किलो दोनशे, याडी.”

तिला तो आकडा पाठ होता. जानेवारीपासूनच तिनं तो पाठ केला होता. काट्यावर उभ्या उभ्याच तिनं माझ्या डोक्यावरून हात फिरवला आणि म्हणाली, “तवा तू खोटं लिवलं व्हतं. जा, आता खरं करून देलं.”